पेट्रोलची नळी

विद्याधररावांची जुनी गाडी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या गॅरेजात गचके देत होती.

"कचरा अडकलाय, सार," म्हणत मेकॅनिक गुरुराजनं इंजिन बंद केलं. कंप्युटरवर तपासायच्या गाड्या आल्या, तरी त्याचा भरवसा स्वतःच्या तोंडावर. टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी काढून त्यानं ओठांत धरली आणि जोरात ओढली.

पेट्रोल आलंच नाही. तोंडभर कोमट, चिकट लाळ आली. शिळ्या विड्याच्या वासाची, चघळलेल्या सुपारीसकट.

गुरुराज पचापचा थुंकला. कितीही चुळा भरल्या तरी जिभेवरचा बुळबुळीतपणा जाईना.

"काय निघालं?" विद्याधररावांनी विचारलं.

"घाण!"

चिडून त्यानं नळी पुन्हा तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली.

टाकीत कोणीतरी सावकाश घोट गिळला.

मग गुरुराजची जीभ नळीला चिकटली, आणि तिकडून कोणीतरी चोखायला लागलं.