रस्त्याची खुंटी

खुंटी सुताराच्या दारात आली आणि तिथं गल्ली संपली. त्याच्या खोपटापलीकडं नाला होता. पुढं सरकवायला घरच उरलं नव्हतं.

सुतार जेवून हात धुवायला बाहेर आला, तेव्हा ती त्याच्या कामाच्या बाकासमोर जमिनीत उभी होती. वीतभर लाकूड, वरच्या टोकाला लाल रंग. सकाळी नव्हती. त्यानं वाकून पाहिलं. तिच्या डोक्यावर किती हातांनी घाव घातले होते ते त्याला दिसलं. एकानंही सरळ ठोकली नव्हती.

गल्लीमागच्या मैदानावर लहान घरांची वसाहत बांधायची, असं शहराच्या नव्या आराखड्यात होतं. तिथं जायला रस्ता हवा, म्हणजे या रांगेतलं एक घर पडणार. मोजणीदारानं पहिली खुंटी ठोकली ती गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानवाल्यांच्या फाटकात. त्याच संध्याकाळी ते विरोध समितीचे अध्यक्ष झाले. "गरिबांना घरं मिळालीच पाहिजेत," ते प्रत्येक सभेत म्हणत, "फक्त इथं नकोत." सगळे टाळ्या वाजवत, खेटून बसत. आणि दुपारी गल्लीचा डोळा लागला की खुंटी एक घर पुढं जाई. सुताराला ती हलतेय हे माहीत होतं. तीन घरं पलीकडं होती तोवर त्यानंही काही म्हटलं नव्हतं.

"खोपट गेलं तर रंधा कुठं मारणार?" त्याची बायको दारातून म्हणाली. "रस्त्यावर? आणि खायचं काय, भुसा?"

सुतारानं खुंटी उपटली, हातोडा घेतला आणि शेजारच्या शिंप्याची कडी वाजवली.

"मिस्त्री, माझ्याकडं अशा नजरेनं बघू नका," शिंपी म्हणाला. "माझ्या दारात काय ती आपल्या पायानं चालत आली होती? नर्सबाईंना विचारा."

नर्सबाई म्हणाल्या, ड्रायव्हरला विचारा. विचारा म्हणाल्या आणि चपला घालून स्वतःही निघाल्या. दारोदार हेच झालं. प्रत्येकाकडं बोट दाखवायला आधीचं घर होतं आणि प्रत्येकाला ते बोट कुठं थांबतं ते बघायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सुताराच्या मागं सगळी गल्ली होती.

अध्यक्ष बनियनवरच बाहेर आले. त्यांनी खुंटी पाहिली, मग माणसं पाहिली.

"मंडळी, एकी मोडू नका. त्यांना हेच हवंय."

"त्यांना म्हणजे कुणाला?" शिंप्यानं विचारलं. "इथं तर सगळे आपलेच आहेत."

फाटकाशी एक कुंडी होती. सुतारानं ती पायानं लोटली. खाली खुंटीचं भोक होतं, मातीनं नीट बुजवलेलं.

मागून कुणीतरी हसलं. सुतार गुडघ्यावर बसला आणि त्यानं खुंटी भोकाशी धरली. अध्यक्षांनी आपला अनवाणी पाय भोकावर ठेवला. "रस्ता आमच्या अंगावरून न्यावा लागेल," हे त्यांचं सभेतलं वाक्य होतं. त्याला नेहमी टाळ्या पडत.

"ठोक," ते म्हणाले. "माझ्या पायावर ठोक."

सुतारानं हातोडा मारला. आधी हाड वाजलं, ओरडणं नंतर आलं. पहिला घाव रागाच्या भरात पडला असं म्हणता आलं असतं. दुसरा त्यानं नेम धरून मारला.

अध्यक्षांचा मुलगा आतून लोखंडी सळई घेऊन धावत आला. ती बसली शिंप्याच्या तोंडावर. तो नुसता बघायला पुढं झाला होता. शिंपी दात हातात घेऊन खाली बसला. मग कुणी कुणासाठी थांबलं नाही. ड्रायव्हरनं मुलाला फाटकावर आपटलं, पुन्हा आपटलं. ज्यांची भिंत एक होती त्यांनी एकमेकांचे गळे धरले. नर्सबाईंच्या मुठीत कुणाचे तरी केस आले होते आणि त्या ते सोडत नव्हत्या. रोज दुपारी गिळलेलं सगळं बाहेर पडत होतं.

मोजणीदाराची जीप आली तेव्हा माणसं थकून थांबली. तो उतरला. त्याची नजर पडलेल्या खुंटीवर गेली.

"खुंटीवरून?" त्यानं विचारलं.

ड्रायव्हरनं मान डोलावली.

"अहो, ती हलवा नाहीतर चुलीत घाला. मोजणी त्या कोपऱ्यावरच्या दगडापासून होते. आराखड्यातली रेघ थोडीच हलते?"

सुतार सगळ्यांत जवळ उभा होता. त्याच्या हातात मोजणीदारानं टेपचं टोक दिलं. "दगडावर धरा. हलू देऊ नका."

सुतार कोपऱ्यावर जाऊन बसला. टेपला त्याच्या बोटांचं रक्त लागलं. मोजणीदार टेप उलगडत गेला, फाटकापाशी थांबला, खाली वाकला. त्याच भोकापाशी. पडलेला हातोडा त्यानं उचलला, गवतावर पुसला आणि नवी खुंटी दोन घावांत बसवली.

नर्सबाईंनी अध्यक्षांचा पाय चादरीत गुंडाळला होता. ड्रायव्हर आणि दोघांनी त्यांना उचलून जीपमध्ये आडवं केलं. नवी खुंटी त्यांनी पाहिली नव्हती; त्यांना फक्त जीपचं छत दिसत होतं. कोपऱ्यावर वळताना जीप हळू झाली आणि दगडापाशी बसलेला सुतार उठून जवळ आला.

"कोण, मिस्त्री का?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज कसाबसा येत होता. "कुणाच्या दारात आली?"

सुतारानं चादरीकडं पाहिलं. ती भिजत चालली होती.

"माझ्या," तो म्हणाला.

अध्यक्षांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "लढू आपण."