उशाशी बटण

पक्षाघातानं वडिलांची वाचा गेली, म्हणून मुलानं त्यांच्या उशाशी बटण आणि स्वयंपाकघरात बेल बसवली. बेल काही केल्या वाजेना. अ‍ॅडॅप्टर बदलून झाला, बटण बदलून झालं; शेवटी कळलं, कनेक्टरमध्ये प्लस-मायनसच्या वायरीच उलट्या लागल्या होत्या. त्या सुलट केल्या, बेल खणखणली आणि वडील कितीतरी दिवसांनी हसले.

मग ती वाजतच राहिली. कधी पाणी हवं, कधी उशी सरकली, कधी काहीच नाही.

"अहो, आज बेल गप्प कशी?" बायकोनं विचारलं.

"वायर ढिली झाली असेल. बघतो नंतर," तो ताटावरून मान वर न करता म्हणाला.



वायर सकाळी त्यानंच काढली होती. आत वडील अजून बटण दाबत होते.