तिसरा सांधा

सकाळचा उजेड प्रथम समोरच्या भिंतीवर उतरला, खिडकीच्या चौकटीत थोडा रेंगाळला आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा टेबलाच्या कडेशी संकोचून थांबला. मग तो बोटाबोटाने पुढे सरकला: पेनाच्या टोपणावर, चष्म्याच्या घरावर, गार होऊन गेलेल्या चहावर. शेवटी तो सहीसाठी ठेवलेल्या कागदापर्यंत पोचला, तेव्हा मुलाने तो कागद नकळत सावलीत ओढून घेतला.

सोमवारपासून नदीवरच्या पोलादी पुलावर अवजड ट्रक सोडायचे होते. गेली आठ वर्षे तेथून केवळ हलकी वाहने जात होती. पूल तपासणारा अभियंता म्हणून परवानगीवर त्याची सही हवी होती, दहाच्या आत.

वडील खुर्ची ओढून शेजारी बसले. पुलाचे बाराही सांधे एकाच मापाचे होते. त्यांतला तिसरा त्यांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून जोडला होता.

"तिसऱ्याचं काय म्हणतंय तुझं यंत्र?"

दर तपासणीनंतर ते हेच विचारत. त्या प्रश्नात मुलाला निवृत्त कारागिराचा हळवा अभिमान ऐकू येई, आणि तो जपणे हे त्याला आपले कर्तव्य वाटे.

"जसाच्या तसा आहे, बाबा. तुमच्यापेक्षा धडधाकट."

"त्याला काय लागतं? मी जिना चढून आलो की शेजारीण पाणी घेऊन धावते."

मुलाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सांध्याजवळ हातोडीचा ठोका द्यायचा आणि पोलादाची थरथर सेन्सरने टिपायची, अशी ती पद्धत. पोलाद तडकले की कंप मंदावतो आणि आलेखातले शिखर डावीकडे सरकते. निळी रेघ पहिल्या दिवसाची होती, तांबडी कालची. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या.

"आणि बाकीच्या अकरांच्या रेघा?"

"त्या वेगळ्या ठेवतो. प्रत्येक सांधा स्वतःशीच ताडून पाहायचा, शेजाऱ्याशी नाही. माझा नियम आहे तो."

"तुझ्या आईला सांगायला हवा होतास. तिने मला जन्मभर शेजाऱ्यांशीच ताडून पाहिलं."

दोघेही हसले. वडिलांचे हसू आधी विझले.

"ही निळी रेघ नेमकी कधीची?"

"उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची."

"म्हणजे रंग दिल्यावर."

"हो."

वडिलांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. त्या तळव्यांवर ठिणग्यांचे जुने डाग होते.

"मग तुझं यंत्र उशिरा आलं. जोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तडकला होता तो. केसाएवढी चीर. कापून पुन्हा जोडायचा तर चार दिवस जाणार होते. मुकादम म्हणाला, रंग मारून टाका. मी मारला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

"वाटलं, तुझं यंत्र कधीतरी पकडेल आणि मला तोंडाने सांगावं लागणार नाही. म्हणून विचारत होतो रे दर वेळी. आणि तू मला शाबासकी देत राहिलास."

मुलाने कागद उलटा करून ठेवला. "आज सही होणार नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मनाला लावून घेऊ नकोस," वडील म्हणाले. त्यांनी संकोचत त्याच्या पाठीवर हात ठेवला. "यात तुझी काय चूक? तुला कसं कळणार होतं?"

त्याने मान हलवली, पण वर पाहिले नाही. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने बाराही रेघा एकाच पडद्यावर मांडून पाहिल्या होत्या. अकरा शिखरे एका जागी होती आणि तिसऱ्याचे डावीकडे. नियम त्याने त्यानंतर केला होता.