वाऱ्याचा अहवाल

"वारा अपुरा आहे आणि एकट्या उन्हावर खर्च परवडत नाही. म्हणून पवनचक्की-सौर योजना रद्द," शाळेच्या ओट्यावरून साहेबांनी अहवाल वाचला.

वादळात विजेचे खांब पडल्यापासून कोळीवाडा चार महिने अंधारात होता.

चांगुणाबाई उठल्या. "वारा मोजायचं यंत्र कुठं लावलंत?"

"सुरूच्या बनाआड."

"मी बोंबील वाळवायच्या वलांडीवर लावा म्हटलं होतं. सासऱ्यांनी वारा बघूनच ती किनाऱ्याच्या टोकाला उभारली. दोन दिवसांत मासळी खडखडीत वाळते तिथं."

"तिथं कोण उभं राहील, बाई? वास केवढा!" साहेबांनी नाकावरचा रुमाल आणखी घट्ट धरला.

चांगुणाबाईंनी टोकाकडे हात केला. वलांडी ओट्यावरून दिसतही नव्हती.

"मग तो वास इथवर कोण आणतंय, सायेब?"