तोंड भिंतीकडे

"ती निघाली," कर्बीने टाळ्या वाजवत सांगितलं. "चला, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

रंगमंचामागच्या लांब बोळात काम थांबलं. सकाळपासून ट्रकमधून पेट्या उतरवून घामाघूम झालेली डुलुथ गावची माणसं हातातलं टाकून वळली. कर्बी त्यांच्यातला नव्हता. तो गायिका डेलफीन रोर्कच्या दौऱ्याबरोबर गावोगाव फिरणारा मुकादम. बाई बोळातून जाताना कुणी तिच्याकडे बघायचं नाही, हे त्याने सकाळीच बजावून ठेवलं होतं.

आर्वो लॅम्पिनेन सगळ्यांच्या आधी वळला. त्याची हयात या सभागृहात पेट्या ओढण्यात गेली होती. मोठी माणसं लहरी असतात, त्यांची लहर सांभाळावी आणि आपल्या कामाला लागावं, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

त्याच्या शेजारी त्याची मुलगी टिल्डा खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन उभी होती. ती वळली नव्हती.

"पोरी, वळ."

"कशाला?"

"नियम आहे त्यांचा."

"ती काय सूर्य आहे, बघितलं की डोळे जायला?"

पलीकडे भिंतीला नाक लावून उभा असलेला जाडा हॅल्वर फिस्सकन हसला. आर्वोला हसू आलं नाही. जेवणाच्या सुट्टीतच कर्बीने टिल्डाला दौऱ्यावर घ्यायचं कबूल केलं होतं. शिकागो, तिथून खाली टेक्सास, मग समुद्राकाठची सगळी शहरं. आर्वो स्वतः घरी जाऊन तिची बॅग घेऊन आला होता आणि दौऱ्याच्या बसमध्ये ठेवून आला होता. बसमधली ती अरुंद झोपायची फळी त्याने हाताने दाबूनही पाहिली होती. त्याला स्वतःला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आजच्या दिवस ऐक माझं," तो भिंतीशी बोलावं तसं पुटपुटला. "एकदा बस सुटू दे. मग दाखव काय ताठा दाखवायचा तो."

"आज वळले तर तिकडे रोज वळायचं, बाबा. प्रत्येक गावात."

कर्बी तरातरा जवळ आला. "तुला वेगळं सांगायला हवं का?"

"नको. ऐकलं मी."

"मग?"

"मी कुणाची वाट अडवली नाही. बाजूला उभी आहे."

"दौऱ्यावर यायचंय ना तुला?"

"यायचंय," टिल्डा म्हणाली. "फार यायचंय."

तिचा आवाज ऐकून आर्वोने डोळे मिटून घेतले.

बोळाच्या टोकाचं दार उघडलं. टाचांचा आवाज येऊ लागला, त्याच्या मागेपुढे अंगरक्षकांचे जड बूट. आर्वोच्या नाकासमोर सिमेंटची भिंत होती. तिच्यावर रंगाचा एक ओघळ कधीतरी अर्ध्यात सुकून राहिला होता. तेवढंच त्याला दिसत होतं. टाचा जवळ आल्या, आणि थांबल्या.

"हिला कुणी सांगितलं नाही का?" बाईचा आवाज होता, थोडा बसलेला. प्रश्न कर्बीला होता.

"सांगितलं, मॅडम. सांगितलं होतं."

"मला सांगितलंय," टिल्डा म्हणाली. "तुम्ही मलाच विचारा ना. मी इथेच आहे."

आपल्या पाठीमागे आपली मुलगी उभी आहे, एकटी, आणि आपण रंगाचा ओघळ बघतोय, हे आर्वोच्या लक्षात आलं. ते लक्षात आलं आणि मग त्याला तिथे तसं उभं राहता येईना. त्याने भिंतीला हात टेकला, आणि दुखरा गुडघा सांभाळत तो सावकाश वळला.

बाई त्याला वाटली होती त्यापेक्षा ठेंगणी होती. केसांना रोलर लावलेले, डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा. तिने त्याच्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग डुलुथमध्ये कुणीही कुणालाही म्हणतं तेच तो म्हणाला.

"वारा सुटलाय आज तळ्यावरून. गळा सांभाळा."

"गार आहे खरा," हॅल्वर म्हणाला. तोही वळला होता.

गायिकेने ओठ मिटले आणि ती चालू लागली. अंगरक्षक तिच्यामागे गेले. मंचाकडचं दार बंद झालं तेव्हा कर्बीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बसमधून तुझी बॅग काढ," तो टिल्डाला म्हणाला.

"मी आणतो," आर्वो म्हणाला.

"नको, बाबा. माझी मी आणते."

ती गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण मान ताठ होती. तिने बॅग वडिलांच्या पायाशी ठेवली, वायरचं वेटोळं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि कामाला लागली. कर्बीने तिला बाहेर काढलं नाही. कार्यक्रमानंतर तेच ट्रक पुन्हा भरायचे होते, आणि हात याच माणसांचे होते.

आवाजाची चाचणी संपली. मंचावरचं संगीत थांबलं.

"ती येतेय," कर्बी म्हणाला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी सँडविचचा कागद उलगडला. हॅल्वर पेटीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. बाकीचे जिथे होते तिथे उभे राहिले, तोंडं बोळाकडे. कर्बीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळी जरा हळू.

दार उघडलं. टाचा वाजू लागल्या. कर्बीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग काय करावं ते न कळून तो स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आर्वोने थोडं सरकून त्याला जागा करून दिली.