दोन बॅगांचं विमान

दादाने आईचं लंडनजवळ आमच्याकडे स्लाऊला यायचं विमान तोलूनमापून निवडलं. थेट विमानात एकच बॅग, वाटेत बदललं तर दोन. म्हणजे गोडा मसाला, पापड, लोणचं, सगळं येणार. "आईला इंग्लिश येत नाही," मी म्हटलं. "व्हीलचेअर सांगितलीय. ढकलणारा माणूस गेटवर सोडतो. इथले सगळे पेरेंट्सना असंच आणतात." रोज टेकडी चढणाऱ्या आईला त्याने बजावलं, "मी भेटेपर्यंत चालताना दिसू नकोस, नाहीतर खुर्ची काढून घेतील." हीथ्रोला आई खुर्चीतूनच बाहेर आली, मांडीवर शाल घट्ट धरून. दादाने आधी बॅगा चाचपल्या. "बरणी फुटली नाही ना? ऊठ आता." ती उठेना. मी शाल उचलली. साडी ओली होती. "विमानातसुद्धा उठले नाही गं," ती पुटपुटली. मग दादाला भीतभीत विचारलं, "पुढच्या वेळी एकच बॅग आणली तर चालेल का रे?"