खांबानं कळवलेलं नाव

भिंतीवरची घंटी किणकिणली आणि रेवतीच्या हातातलं लाटणं थबकलं. चौकातला सायकली मोजणारा खांब पेडल मारण्याच्या लयीवरून माणूस ओळखायचा आणि घरी कळवायचा. घंटीखाली अक्षरं उमटली होती : ‘श्रीरंग चौकातून निघाले.’

श्रीरंगला जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी ती पिठाच्या हातांनी दाराकडे धावली.

वळणावरून सायकलवर ईशानी आली, आज पहिल्यांदाच एकटी, डाव्या पायावर जरा जास्त जोर देत.

“आई, माझं नाव आलं?”

“बाबांचं आलं गं. अगदी त्यांच्यासारखीच सायकल हाणतेस, गधडे.”

“म्हणजे चुकलाच की तो खांब,” ईशानी हिरमुसली. “ती मी होते, हे आजच सांगशील ना त्याला?”